दत्ताबाबांची रंगपेटी आणि माझी एक ओळ

"मॅडम, रंग दिसणार म्हनला होता न्हवं? ह्ये तर सगळं काळंच हाय की!"

शुक्रवार, दुपारचे बारा. कोल्हापूरचे पाटील साहेब व्हिडिओ कॉलवर होते. मी डिचोलीच्या आमच्या ऑफिसात, आणि माझ्या मागच्या खुर्चीत आमचे बॉस दत्ताबाब. स्क्रीनवर प्रोग्राम नीट दिसत होता, पण सगळा एकाच रंगात. एरर म्हणाल तर एकही नाही.

पाटील साहेब शाळेतल्या मुलांसाठी प्रोग्रामिंगची मराठी पुस्तकं वेबसाइटवर काढतात. त्यात कोड रंगीत दिसावा लागतो. आज्ञा निळ्या, अवतरणचिन्हातला मजकूर हिरवा, टिपा करड्या. मुलाचं एखादं अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं की पुढचं सगळं हिरवं होतं, आणि चूक त्याची त्यालाच दिसते. हे रंगकाम करणाऱ्या तयार कोडला सिंटॅक्स हायलायटिंग लायब्ररी म्हणतात. आमची लायब्ररी दत्ताबाबांनी स्वतः लिहिलेली. नाव रंगपेटी.

दत्ताबाब पूर्वी खाणीवर काट्याच्या कॉम्प्युटरवर बसायचे. काटा म्हणजे खनिजाचे ट्रक वजन करतात तो. खाणी बंद पडल्या, बाब घरी बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी ही रंगपेटी लिहिली. पहिल्या फाइलच्या डोक्यावर, आणि लायब्ररीबरोबर जाणाऱ्या सूचनांच्या पानावरही, मराठीत टीप आहे: 'विचारल्याशिवाय हात लावू नये.' मी धारगळहून स्कूटरने इथे कामाला येऊ लागले तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, मी हात लावला नव्हता.

आता मात्र लावावाच लागला. पाटील साहेबांनी वेबसाइट नवी केली, आणि ती मॉड्यूल पद्धतीची होती. जुनी पद्धत आमच्या चवथीच्या माटोळीसारखी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधायची, मग जो येईल तो आपला नारळ, सुपारीचा घड, काकडी तिला बांधून जातो. रंगपेटीतही तसंच. मधे एक सामायिक चौकट, आणि प्रत्येक भाषेची फाइल येऊन आपले नियम स्वतःच तिला बांधून जायची. मॉड्यूल पद्धतीत असं चालत नाही. कोणी कोणाकडून काय घेतलं ते प्रत्येक फाइलीत लिहून द्यावं लागतं.

"शुक्रवारी बारा वाजता बघतो," पाटील साहेबांनी सांगितलं होतं. "चाललं तर ठेवतो, न्हाई तर दुसरी लायब्ररी घेतो. राग मानू नका."

दत्ताबाब हसून हो म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र मला म्हणाले, "खाणीनं एकदा घरी बसवला गो, वैशू. आता परत नको."

आठवडाभर मी फायली सोडवत होते आणि बाबांना चिडवत होते. "बाब, ही कोणी लिहिली? नुसता गुंता करून ठेवलाय!"

"तू पाचवीत होतीस तेव्हा लिहिली. चालतां मगे?"

चालत होती हो. माझ्या कॉम्प्युटरवर झकास चालत होती. शुक्रवारी सकाळी बिल्ड केला. बिल्ड म्हणजे सगळ्या सुट्ट्या फायलींचं एक गाठोडं बांधायचं आणि तेच गिऱ्हाइकाला द्यायचं. बांधणारं टूल नको ते वगळून गाठोडं हलकं करतं. आमचं निम्म्यावर आलं. मी भाजी-पाव खाता खाता ओरडले, "बाब, साइज निम्मी! याला म्हणतात मॉडर्न!"

"निम्मी?" बाब म्हणाले. "मग आत राहिलं काय?"

मी हसले. गाठोडं उघडून बघावं, इतकंही सुचलं नाही. आणि बारा वाजता ते काळं पान.

"मी जेवून येतो," पाटील साहेब म्हणाले. "अडीचला बघू. त्यानंतर मग माझा नाइलाज."

कॉल बंद झाल्याबरोबर मी सुरू झाले. जुना कोड, जुन्या सवयी, अशाने असंच होणार! बाब शांतपणे म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग खुर्ची ओढून शेजारी बसले. "एरर काय आला?"

"एररच नाही ना! तोच तर वांधा आहे."

"पळय, बघ हां, वजन चुकलं तर काट्यावर नोंद व्हायची. पण ज्या ट्रककडे पास नाही, तो गेटवरूनच परत. काट्याला त्याचा पत्ताच नाही. मग नोंद कसली आणि चूक कसली? तुझ्या भाषांच्या फायली काट्यापर्यंत आल्याच नाहीत, गो. गेटवर कोण बसलाय तो बघ."

गेटवर मीच बसले होते.

लायब्ररीच्या माहितीच्या फाइलीत मी एक ओळ घातली होती, दुसऱ्या प्रोजेक्टमधून उचललेली, मॉडर्न दिसावं म्हणून. 'साइड इफेक्ट्स: फॉल्स.' तिचा अर्थ असा, की ज्या फाइलीकडून कोणी काही मागून घेत नाही ती बिनकामाची, खुशाल टाकून द्या. आणि बाबांच्या भाषांच्या फायली कोणाला काही देतच नाहीत. येतात, माटोळीला आपला नारळ बांधतात, जातात. टूलने माझं ऐकून त्या सगळ्या रस्त्यावर टाकल्या होत्या. माझ्या कॉम्प्युटरवर सुट्ट्या फायली चालायच्या, गाठोडं बांधायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिथे रंग दिसायचे.

मला फार लाज वाटली. ज्या माणसाची इतक्या वर्षांची मेहनत माझ्या हातून जाणार होती, त्यालाच मी आठवडाभर नावं ठेवत होते. मी तसं बोलून दाखवलं. बाब म्हणाले, "रडणं अडीचनंतर. आधी ओळ काढ."

ओळ काढली. बिल्ड केला. गाठोडं पुन्हा जड झालं, आणि या वेळी मी ते उघडून पाहिलं. निळं, हिरवं, करडं, सगळं जागेवर.

अडीचला पाटील साहेबांनी मुद्दाम एक अवतरणचिन्ह पुसलं. खालचं सगळं हिरवंगार झालं. "झ्याक! ठेवली तुमची रंगपेटी," ते म्हणाले. बाब उठले. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसत होते.

मी यातून एवढंच शिकले, की गाठोडं अचानक हलकं झालं तर आनंद करण्याआधी ते सोडून बघावं. आणि दुसऱ्याच्या जुन्या फायलींना नावं ठेवण्याआधी आपली नवी ओळ वाचावी.

सोमवारी पाटील साहेबांचा फोन आला. हसू आवरत नव्हतं त्यांना. लायब्ररीबरोबर जे सूचनांचं पान जातं, त्यात दत्ताबाबांनी 'हात लावू नये'च्या खाली एक नवी सूचना घातली होती: 'गेटवर वैशाली असल्यास पास दाखवावा.'

ते पान बदलायचा अधिकार मला आहे. अजून बदललेलं नाही.