हँडब्रेक

दादा पहिल्यांदा बसच्या स्टिअरिंगवर बसला तेव्हा त्याला धड मिशाही नव्हत्या. आता होत्या त्या पांढऱ्या झाल्या होत्या. एवढ्या वर्षांत आपल्या गाडीखाली साधं कुत्रं आलं नाही, हे तो ऐकणारा कंटाळेपर्यंत सांगायचा.

मग छातीत दुखायला लागलं. डावीकडे, खिशाच्या खाली, कोणीतरी अंगठा रोवून धरल्यासारखं. कधी गिअर टाकताना, कधी नुसतं बसल्या बसल्या. ईसीजी झाला, पळत्या पट्ट्यावर चालवून झालं, रक्त देऊन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. ताण घेऊ नका."

"झालं ना समाधान?" बायकोने विचारलं. "मग आता बास करा."

"त्यांना सापडलं नाही, एवढंच," दादा म्हणाला.

मरणाला आपण भीत नाही, असं तो म्हणायचा. थापा सगळ्या. भीत होताच. पण त्याहून मोठी भीती होती ती स्टिअरिंगवर मरण्याची. मागे भरलेली गाडी, पुढे उतार, उताराच्या तळाशी शाळेचं फाटक. हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. बरं, डेपोत सांगावं तर गाडी हातची जाणार. आणि गाडी गेली तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटी त्याने बांबूला विश्वासात घेतलं. बांबू म्हणजे त्याचा कंडक्टर, उंचीमुळे हे नाव पडलेला. गाडी रिकामी असताना दादाने त्याला सीटशेजारी उभं केलं.

"माझी मान पडलेली दिसली की विचार करत बसायचं नाही. हा हँडब्रेकचा दांडा, असा ओढायचा."

"आणि तुम्हाला नुसती डुलकी लागली असेल तर?"

"तरी ओढायचा. आणि कुठे बोलायचं नाही."

बांबू हसला खरा, पण त्या दिवसापासून त्याचं तिकिटांत लक्ष लागेना. मागच्या दाराकडे जायचा तो घाईघाईत, की लगेच परत दादाच्या पाठीशी. मागचे प्रवासी कुरकुरायचे, याची नजर दादाच्या मानेवर. दादाला मात्र बरं वाटायचं. पाठीशी कोणी आहे म्हटल्यावर दुखणंही जरा कमी व्हायचं. त्या पोरसवद्या माणसाचं काय होत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो आपल्याच छातीला कान लावून बसला होता.

एका सकाळी बाजाराच्या थांब्याअलीकडे गाडी हळू झाली आणि दादाची पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकखाली आली. ड्रायव्हर लोकांना ही बाटली सापाहून वाईट, ब्रेक दाबलाच जात नाही. ती काढायला दादा चटकन वाकला. बांबूला दिसलं ते एवढंच, की मान गेली. त्याने जीव खाऊन दांडा ओढला.

गाडी गचकन थांबली. उतरायला उभी राहिलेली एक आजी खांबावर आपटली आणि तिचं कपाळ फुटलं. बांबू तिच्यापाशी बसला, रुमाल दाबून धरला, आणि दादाकडे बघून "मला वाटलं तुम्ही गेलात" एवढंच म्हणत राहिला. दादाला काहीही झालं नव्हतं. आजीला मात्र टाके पडले.

डेपोत साहेबांनी आधी बांबूलाच धरलं. "ब्रेकला हात लावायला कोणी सांगितलं तुला?"

कुठे बोलायचं नाही म्हणजे इथेही नाही, असं बांबूने धरलं होतं. नोकरी गेली असती तरी बोलला नसता शहाणा.

दादाने किल्ली टेबलावर ठेवली.

"मी सांगितलं होतं साहेब. माझ्या छातीत दुखतं. डॉक्टर म्हणतात हृदय चांगलं आहे. असेल. पण मला भीती वाटते. रोज वाटते. गाडी दुसऱ्या कोणाला द्या."

हे तो बायकोपाशीही कधी बोलला नव्हता.

बाहेर आल्यावर बांबूने सवयीने विचारलं, "दुखतंय?"

"दुखतंय," दादा म्हणाला. दोन पावलं चालला आणि थांबला. "तुला रे?"

बांबूने उत्तर म्हणून हात पुढे केला. दांड्याचा वळ त्यावर अजून तसाच होता.