नवं व्हर्जन घरात शिरतं तेव्हा

आमच्या मशीनशॉपमध्ये दिवसभर हिंडून घरी गेलं की बुटातून लोखंडाचा कीस निघतो. कधी शिरला, कुठून शिरला, काही सांगता येत नाही. आमचे किस्से तसेच साचलेत! कोणी जमवायला गेलं नव्हतं.

आमचा कारखाना बेळगावच्या उद्यमबागेत. चहाच्या सुट्टीत आम्ही चौघं एका टेबलावर असतो. कल्लाप्पा अण्णा मशीनशॉपचे इनचार्ज, राहणार मच्छे. रेणुकाआक्का डिस्पॅच सांभाळतात, राहणार हिंडलगा. कांबळे मॅडम निपाणीच्या, कंपनीतले सगळे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. आणि मी परचेसचा.

विंडोजचं जुनं व्हर्जन आता संपणार, नवं घ्या, असा मेसेज जिकडंतिकडं यायला लागला, तेव्हापासूनची ही गोष्ट. ऑफिसातले कॉम्प्युटर मॅडमनी दोन सुट्ट्यांत बदलून टाकले. सोमवारी आम्ही आलो, बसलो, कामाला लागलो. किस्सा झालाच नाही. मॅडमची हीच तक्रार असते. "काम नीट झालं की कुणी नावसुद्धा काढत नाही!"

खरी मजा घरच्या कॉम्प्युटरांनी आणली.

*

पहिला मान अण्णांचा.

अण्णांचा एक नियम आहे. नवीन जॉब आला की आधी एक ट्रायल पीस काढायचा, तो तपासायचा, मगच पुढचा माल मशीनवर चढवायचा. या नियमापुढं अण्णा मालकांचंसुद्धा ऐकत नाहीत, आणि म्हणूनच आमच्याकडचा माल सहसा परत येत नाही.

एके दिवशी चहा ओतता ओतता म्हणाले, "नवं व्हर्जन काल टाकलं. एकदम बेस्ट. अडीच तास लागलं, प्रिंटर जरा रुसलाय, बाकी सगळं ओके."

मॅडम खूश झाल्या. "अरे वा अण्णा, घरचा कॉम्प्युटर केलासुद्धा?"

"छे छे, माझा न्हाय. मेव्हण्याचा!"

"मेव्हण्याचा का?"

अण्णांनी आमच्याकडं असं बघितलं, जणू आम्ही कालच कामावर लागलोय.

"ट्रायल पीस रिजेक्ट झाला तर कुणाचा जायला पाहिजे?"

*

मेव्हण्याचा पीस पास झाला, तेव्हा अण्णांनी स्वतःचा काढला. दिवस निवडला खंडेनवमीचा. सुट्टी असते, निवांत होईल, एवढाच विचार.

आता आमच्याकडं खंडेनवमी म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या दिवशी सगळी यंत्रं, हत्यारं धुऊन पुसून पुजायची. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना काम सांगायचं नाही. मशीनला विश्रांती! या बाबतीत अण्णा फार कडक. एकदा एका ऑपरेटरनं पूजेनंतर नुसता ड्रिलचा हँडल फिरवून बघितला, तर अण्णा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

तर सकाळी अण्णांनी कॉम्प्युटर सुरू केला, नवं व्हर्जन उतरवायला लावलं आणि गाडी धुवायला बाहेर गेले. परत येऊन बघतात तर वहिनींनी मिक्सर, शिलाई मशीन यांच्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करून टाकलेली! स्क्रीनच्या वर हळदकुंकू, कीबोर्डपुढं लिंबू, माऊसवर झेंडूचं फूल. आणि स्क्रीनवर मेसेज : पुढं जायचं असेल तर रिस्टार्ट दाबा.

अण्णांचा हात पुढं गेला.

"हात लावायचा न्हाय!" वहिनी देवघरातनं ओरडल्या. "कारखान्यात लोकांना एवढं शिकवतासा, आन् घरात?"

अण्णांनी मॅडमना फोनवरून हे सांगितलं तेव्हा आवाज अगदी रडकुंडीला आला होता म्हणे. "अर्ध्यावर आलंय वो मॅडम. मधेच मेलं तर? आन् हात लावला तर उद्या कारखान्यात कुठल्या तोंडानं बोलू?"

मॅडमनी सांगितलं, काही करू नका, फक्त बघत राहा.

अण्णा खुर्ची टाकून, हात मागं बांधून बसले. काही वेळानं कॉम्प्युटर आपला आपणच बंद झाला, आपला आपणच चालू झाला आणि व्यवस्थित नवं व्हर्जन घेऊन उभा राहिला.

मॅडमना यात नवल नव्हतं, तशी सोयच असते. पण वहिनींनी कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि अण्णांना ऐकवलं, "बघा! हात लावला न्हाय म्हणून झालं!"

*

माझाही एक आहे. सांगतो, हसा.

नव्या व्हर्जनमध्ये सगळे मेनू मराठीत करायची सोय दिसली. सीमाभागातला माणूस मी, छाती फुगली. तिथल्या तिथं करून टाकलं. पाच मिनिटं फार अभिमानात गेली. मग बायकोला एक फोटो प्रिंट करायचा होता.

प्रिंट कुठं गेलं, सापडेना. परत इंग्रजी करायचं कुठं, तेही सापडेना. शब्द सगळे मराठीच, पण असले शब्द आमच्या घरात, गल्लीत, बाजारात कोणी उच्चारले नव्हते. मॅडमना फोन लावला. मी वाचतोय, त्या ऐकतायत. शेवटी म्हणाल्या, "थांबा, मी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर पण मराठी करते. मग दोघांना एकच दिसेल."

त्यांनी केलं. मला वाट दाखवली. मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "मॅडम, तुम्हीही परत इंग्रजी केलं ना?"

"नाही, तसंच ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आपण बाजारात कन्नडमध्ये भाव करतो, हिंदीत रिक्षा ठरवतो, घरी येऊन मराठीत भांडतो. मग ही चौथी शिकायला काय झालं?"

*

या सगळ्या किश्शांना टेबल हादरेपर्यंत हसणं व्हायचं. रेणुकाआक्का मात्र हसत नव्हत्या. आधी लक्षात आलं नाही. मग एक दिवस अण्णांनी विचारलंच, "आक्का, तुमच्या घरचा झाला काय?"

आक्कांनी कप खाली ठेवला.

त्यांचे मिस्टर, आम्ही त्यांना सर म्हणतो, हायस्कूलला गणित शिकवायचे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आणि नोकरी सुटली.

"दोन वर्सं माणूस खिडकीजवळ बसून होता," आक्का म्हणाल्या. "हाक मारली तर हूं म्हणायचा, तेवढंच. मग भाचीनं ते वाचून दाखवायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. स्क्रीनवरचं सगळं बोलतंय ते. कुठली बटणं किती वेळा दाबायची, ते ह्यांनी सगळं पाठ केलंय. आता खानापूरकडची दहावीची पोरं रोज संध्याकाळी ह्यांच्याकडं गणित शिकत्यात, ऑनलाइन. त्या आवाजावर माणूस उभा राहिलाय, मॅडम. नव्या व्हर्जनमध्ये त्यो बंद पडला तर?"

मॅडमनी खुर्ची आक्कांच्या जवळ ओढली.

"आन् लपवायचं तरी कसं?" आक्का पुढं म्हणाल्या. "त्यो मेसेज रोज सकाळी कॉम्प्युटर त्यांनाच वाचून दाखवतोय. बदला म्हणून माझ्यामागं लागल्यात. भीती मला हाय, त्यांना न्हाय!"

मॅडम म्हणाल्या, "आक्का, रविवारी आम्ही येतो."

*

रविवारी मॅडम आणि मी हिंडलग्याला गेलो. सर म्हणजे खणखणीत आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. चहा झाला. मॅडम कॉम्प्युटरपुढं बसल्या आणि इकडं तिकडं बघायला लागल्या.

"सर, मॉनिटर कुठाय?"

"गणपतीत मंडळानं देखाव्याला नेलाय, अजून तिकडंच हाय. राहू दे म्हटलं, मला कुठं लागतोय?"

टीव्हीला जोडायची वायर कोणाकडं नव्हती. म्हणजे कॉम्प्युटर चालू, बोलतोय, आणि बघायला काहीच नाही! त्यात तो आवाज इतका भरभर की मला वाटलं बिघडलाय. सर म्हणाले, "हळू केला की झोप येती मला."

मॅडमनी दोन-चार बटणं दाबून बघितली. आवाज काहीतरी बोलून मोकळा झाला. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. दिवसाला पन्नास कॉम्प्युटर हाताळणारी बाई, पण कपाळावर घाम आला.

"सर," त्या शेवटी म्हणाल्या, "आपण कुठं आहोत, कुठं चाललोय, मला काहीच कळेना."

सर हसले. "पहिले सहा महिने तसंच वाटतंय, बाई. मग सवय होती."

मी हसायला गेलो आणि मला हसताच आलं नाही. मॅडम उठल्या, सरांना खुर्ची दिली आणि शेजारी स्टूल घेऊन बसल्या. "तुम्ही ऐकून सांगा काय म्हणतोय, मी सांगते काय निवडायचं." मग दोघांची अशी काही जोडी जमली की बघत राहावं! कॉम्प्युटर बडबडायचा, सर दोन शब्दांत सांगायचे, मॅडम एका शब्दात उत्तर द्यायच्या.

शेवटी रिस्टार्टची वेळ आली. सरांनी बटण दाबलं आणि आवाज थांबला.

*

आता स्क्रीन नाही आणि आवाजही नाही. कॉम्प्युटर जिवंत आहे की गेला, कळायला मार्गच नाही. मॅडम म्हणाल्या, एवढा वेळ लागतोच. पण मिनिटं जात होती आणि त्यांचाही आवाज बारीक होत होता. आक्का उठून आत कणीक मळायला गेल्या. त्यांच्याच्यानं बघवेना.

सर मात्र माझी परीक्षा घेत होते. "हं, परचेसवाले, सांगा, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?" मी बरोबर सांगितलं तर शाबासकीसुद्धा दिली. पण त्यांचा डावा हात कॅबिनेटवर होता आणि तो तिथून हलत नव्हता. आतला पंखा फिरतोय ते त्या हाताला कळत असणार.

अर्ध्या-पाऊण तासानं आवाज आला. कुठलीतरी परकी बाई, संथ इंग्रजीत.

आक्का पिठाच्या हातानं दारात आल्या. सरांनी पाठ असलेली बटणं दाबली. भलतंच काहीतरी उघडलं. पुन्हा दाबली. पुन्हा भलतंच. नव्या व्हर्जननं सगळ्या जागा हलवल्या होत्या. सरांची बोटं कीबोर्डवर थांबली, आणि चेहऱ्यावर एक क्षण असं काही आलं की आक्कांनी दाराची चौकट धरली.

"जागा बदलल्यात," सर स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं, "बदलू देत की! पहिल्यांदा कुठं पाठ होत्या?"

आणि एकेक बटण चाचपत, एकेक शब्द ऐकत, चुकत, मागं येत, त्यांनी नवी वाट शोधायला सुरुवात केली. मॅडम मदत करायला पुढं झाल्या तर हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं तो ओळखीचा भरभर मराठी आवाज खोलीत घुमला. आक्कांनी पदर डोळ्याला लावला आणि आत जाऊन आमच्यासाठी शिरा केला. मी आजवर बऱ्याच हुशार माणसांना भेटलोय, पण त्या दिवशी हिंडलग्याहून परत येताना मॅडम आणि मी वाटभर फक्त सरांबद्दल बोलत होतो.

सोमवारी चहाला आम्ही विचारलं, "काय आक्का, बोलतोय ना व्यवस्थित?"

"कॉम्प्युटर व्हय? त्यो बोलतोय, आन् हे त्याच्याहून जास्त बोलत्यात! काल पोरांचा तास संपला तरी मला त्रिकोण शिकवत बसलेले. मॅडम, गप बसायचं एखादं व्हर्जन असलं तर बघा!"

*

मागच्या महिन्यातली गोष्ट. अण्णा त्या दिवशी रजेवर होते, मॅडम निपाणीला गेलेल्या. चहाच्या वेळी आक्कांना अण्णांचा फोन. "मॅडम फोन उचलंनात! लई मोठा घोटाळा झालाय!"

आक्का म्हणाल्या, "थांबा, सरांना जोडून देते." आणि सरांना लाइनवर घेऊन फोन स्पीकरवर टाकला. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही खुर्च्या वळवून बसले.

"सर, मी कल्लाप्पा! घरच्या कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये कायतरी दाबलं, आन् स्क्रीन काळीठिक्कर झाली! कायसुद्धा दिसंना!"

"बरं," सर शांतपणे म्हणाले. "आवाज येतोय काय?"

"येतोय."

"कीबोर्डवरचे दिवे पेटत्यात?"

"पेटत्यात की!"

"पंखा फिरतोय?"

"फिरतोय वो सर, सगळं चालू हाय, पण दिसत काय न्हाय!"

"ते कळलं रं, कल्लाप्पा," सर म्हणाले. "पण मग बंद काय पडलंय?"