आडनाव बघून दिलेला विषय

मार्गदर्शन हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या कॉलेजात तो दर सत्राच्या सुरुवातीला फलकावर लिहितात: समाजशास्त्र मेजर घेतलेल्या विद्यार्थ्यांनी मार्गदर्शनासाठी विभागात यावे. यावे म्हणजे बाहेरच्या बाकावर बसावे, आतून हाक आली की आत जावे आणि सर जे देतील ते घेऊन निमूट निघावे. रेशनच्या दुकानात निदान काट्याकडे बोट दाखवून भांडता तरी येतं.

सर म्हणजे आमचे पालक-शिक्षक. मेजरबरोबर मायनर कोणतं घ्यायचं, पुढे एम.ए. करायचं की नाही, क्षेत्र प्रकल्प कशावर करायचा, सगळं त्यांच्या सल्ल्याने. क्षेत्र प्रकल्प म्हणजे लोकांना जाऊन प्रश्न विचारायचे आणि अहवाल लिहायचा. त्यावर सरांची सही नसेल तर क्रेडिट नाहीत, आणि क्रेडिट नाहीत तर वर्ष लटकलं. मला समाजशास्त्रच करायचं होतं. बाबांना मी नर्सिंग करायला हवं होतं, लवकर नोकरी लागते म्हणून. मी घर डोक्यावर घेऊन बी.ए.ला आले होते आणि बाबांनी एकच अट घातली होती, "एकदा जरी अटकली, त मंग नर्सिंग." ही अट मी पहिल्या वर्षीच भोळेपणाने सरांना सांगून बसले होते. म्हणजे त्या सहीवर माझं काय अडलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी विषय वाटायचा दिवस आला. सकाळच्या तासाला सरांनी शिकवलं की जातिव्यवस्थेत माणसाचं काम जन्मावरून ठरतं, त्याला निवड नसते. व्याख्या उतरवून घ्यायला लावली, परीक्षेला हमखास येते म्हणाले. आणि दुपारी त्याच तोंडाने विषय वाटायला बसले. त्यांची पद्धत ठरलेली. चहाचा घोट घ्यायचा, मान वर न करता विचारायचं, "आडनाव? गाव?" आणि विषय सांगून मोकळं व्हायचं.

माझ्या आधी तांड्यावरचा मुलगा होता. त्याला करायचा होता मोबाइलवर रमी खेळणाऱ्या पोरांवर प्रकल्प. रस्ताभर मला तेच सांगत आला होता. त्याला मिळालं 'ऊसतोड कामगारांचे स्थलांतर'. तो विषय वहीत उतरवून बाहेर पडला. बुलेटवर येणाऱ्या एकाला 'ग्रामीण नेतृत्व'. माझ्याच गावची, शाळेपासून बरोबर असलेली मैत्रीण मोठ्या शेतीवाल्या घरातली. तिला 'सण-उत्सव आणि कुटुंब'. आणि मला, आडनाव सांगून होतंय न होतंय तोच, 'बौद्ध वस्तीतील स्त्रियांचे प्रश्न'.

"आपलं आपलं सोपं पडते," सर म्हणाले. "घरबसल्या होऊन जाईन."

मी म्हटलं, "सर, मले वरच्या गल्लीवर करायचं हाये. मोठ्या घरच्या सुनायवर."

सर हसले. शेजारच्या टेबलावरचे इंग्रजीचे सरही हसले, त्यांचा काही संबंध नसताना.

"तुले घरात कोन घेईन?"

"तेच त शोधायचं हाये, सर."

मग कोणी हसलं नाही. "समाजशास्त्र असं एकमेकांची जिरवायला नसते," सर म्हणाले. "सांगतलं ते कर."

परत येताना जीपमध्ये मैत्रीण म्हणाली, "आपून बदलून घेऊ." ती आमच्या वस्तीत, मी तिच्या गल्लीत. प्रश्नावली दोघींनी बसून केली. दोन्हीकडे तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तिला सणांचा कंटाळा आला होता, मला सरांचा.

ती आमच्याकडे आली तेव्हा आईने खुर्ची पुसून दिली आणि गल्लीला हाका मारल्या. आमच्या वस्तीला प्रश्नावलीची सवय आहे. कॉलेजची पोरं येतात, संस्थेच्या ताई येतात, बचत गटवाले येतात. बायकांना उत्तरं तोंडपाठ झाली आहेत. शेजारची मावशी खाली बसायच्या आतच मैत्रिणीला म्हणाली, "आधी नळाचं लिहितं का दारूचं?" मैत्रीण गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. या मावशीचा नवरा दारूला शिवत नाही. तरी दारूचा प्रश्न आला की मावशी "हाये, लय तरास हाये" म्हणते, कारण नाही म्हटलं की विचारणारे तेच तेच फिरवून विचारतात आणि तिची भाकर करपते. पोरं ते खुशाल लिहून नेतात आणि मार्क मिळवतात.

मग मी वरच्या गल्लीत गेले. मला घरात घेतलं का? ओट्यापर्यंत घेतलं. मैत्रिणीचे वडील खुर्चीत बसले आणि तिची आई दाराच्या आत उभी राहिली.

"काकू, तुमच्या नावावर वावर हाये का?"

"तिले कायले पायजे?" काका म्हणाले.

"काकू, घरातला पैसा कोनाजवळ राह्यते?"

"तिले काय विचारतं, मले विचार," काका म्हणाले. "आमच्या बायकायले काही प्रश्न नसतात. तुमच्याकडं असतात."

पुढच्या घरी सासऱ्याने उत्तरं दिली, त्याच्या पुढच्या घरी दिराने. मी तसंच लिहीत गेले: प्रश्न कोणाला विचारला, उत्तर कोणी दिलं. एका घरची सून पाणी द्यायला आली आणि हळूच म्हणाली, "हे घेऊन पुन्हा येशीन का? ते बजारले गेल्यावर?" मी गेले. ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं. तिचं घर ओळखू येणार नाही अशी काळजी घेऊन मी ते अहवालात घातलं.

सरांनी दोन्ही अहवाल एकाच दिवशी पाहिले. मैत्रिणीला वर्गापुढे उभं केलं. एवढ्या मोठ्या घरची मुलगी वस्तीत जाऊन बसली, याला संवेदनशीलता म्हणतात, असं म्हणाले, आणि तिचा अहवाल विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. ती म्हणाली, "सर, हिचाबी अहवाल तसाच हाये, प्रश्न एकच हायेत आमचे." सरांनी तिला खाली बसवलं. मला विभागात बोलावलं.

"यात पूर्वग्रह आहे. मनात राग ठेवून संशोधन होत नसते."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तीच प्रश्नावली तिच्या हातात संवेदनशीलता झाली आणि माझ्या हातात पूर्वग्रह. मी विचारलं, कोणतं वाक्य चुकलं ते दाखवा. त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. "परीक्षेच्या आधी वस्तीचा करून आन. नाही त नर्सिंग काही वाईट नाही."

मला त्या माणसाचा तिरस्कार वाटला, आजही वाटतो. लोक सांगतात की सर मनाने चांगले आहेत, गरीब पोरांना स्वतःची पुस्तकं देतात. देत असतील. मलाही दिलं होतं एक. म्हणून त्यांनी माझ्या बाबांची अट माझ्याच तोंडावर फेकून मारावी आणि मी मनाच्या चांगुलपणाकडे बघत बसावं, एवढी मी मोठी नाही आणि व्हायचंही नाही.

सही तर हवी होती. संध्याकाळी तीच प्रश्नावली घेऊन मी घरात, आईसमोर बसले. ती डाळ निवडत होती.

"अव, थ्या पोरीले सांगतलं ना सारं. आता तुले काय सांगू?"

"माय, सही पायजे मले. सांग ना."

मी पहिला प्रश्न वाचला: तुमच्यापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?

आईने सूप खाली ठेवलं. "फारमातलं सांगू का खरं सांगू?"

"खरं."

"लिह्य मंग. पोरगी शिकाले गेली, आन् मास्तर तिले शिकोयाचं सोडून तिच्याच मायपाशी धाडून राह्यला. आन् हेबी लिह्य, आमी इतक्या खेपा सांगतलं, ते वाचलं कोनं?"

मी एक शब्दही न बदलता ते पहिल्याच पानावर लिहिलं. सरांनी थेट शेवटचं पान उघडलं आणि सही केली.