वैशालीचं गाळलेलं प्रकरण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक.

कराडच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. एका विचारवंताचं म्हणणं माझं फार लाडकं. विज्ञानातला विचार हळूहळू बदलत नाही, म्हणे. न जुळणाऱ्या गोष्टी साठत जातात, जुनी मंडळी त्यांच्याकडे काणाडोळा करतात, आणि एक दिवस सगळी मांडणीच मोडून नवी येते. हे मी अशा तावातावानं शिकवायचो की पोरं टाळ्या वाजवायची. मला आवडायचं ते — खोटं कशाला बोलू?

तर, वैशाली. कुंडलची, शेतकऱ्याची मुलगी, माझ्याकडे पीएच.डी. करत होती. उसाला पाणी किती द्यावं, याबद्दल शास्त्रज्ञांचा विचार कसा बदलला हा तिचा विषय. आणि तिनं लिहिलं काय? की इथं काही मोडलंच नाही! नवं ठिबक सिंचन सांगणारेच शास्त्रज्ञ वर "अधूनमधून पहिल्यासारखं सरीतून मोकळं पाणीही सोडा" म्हणत होते. जुनं-नवं एकाच डोक्यात, गुण्यागोविंदानं. तिचे वडील तर ठिबक चालू असतानाही म्हणायचे, "सरी भरल्याबिगर उसानं पाणी प्याल्यागत वाटतच न्हाई."

ती बरोबर होती. मला कसं ठाऊक? अहो, रहिमतपूरच्या माझ्या रानात मी तेच करत होतो! ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या, आणि वरून मोकळं पाणी. जादा पाण्यानं मीठ फुटून जमीन पांढरी पडली, तरी माझा हात थांबत नव्हता.

मग विभागाच्या चर्चेत, सगळ्यांसमोर, मी काय म्हणालो? — "अगं, ऊस म्हणजे विज्ञान नव्हे. हे अपवाद आहेत. हे प्रकरण गाळून टाक." लोक हसले. ती एवढंच म्हणाली, "पण सर, ते शास्त्रज्ञच हायत की." मी पान उलटलं. माझ्या सहीशिवाय प्रबंध पुढं जात नाही, हे तिला माहीत होतं. मलाही.

काणाडोळा करणारी जुनी मंडळी कोण, हे त्याच क्षणी मला कळलं होतं. न कळता केलं असतं तर — जाऊ दे. कळून केलं. भ्यालो मी. ज्याच्यावर जन्मभर टाळ्या घेतल्या, ते माझ्याच विद्यार्थिनीनं खोडायचं?

तिनं प्रकरण गाळलं. पदवी मिळाली. पेढे घेऊन आली, पाया पडली. मी आशीर्वाद दिला — निर्लज्जासारखा.

परवा सांगलीत एका लग्नात भेटली. आता तीही कॉलेजात शिकवते. लय आनंदात होती. म्हणाली, "सर, तुमचंच बरोबर होतं. मी तवा गावाच्या मायेपोटी कायबाय लिहिलेलं. आता पोरांना तुमच्यासारखंच शिकवते."

एकच वाक्य बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, देवाशपथ. ती माझ्याकडं बघत उभी होती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "शाबास."