पुस्तकांची खिडकी

जळकोटच्या काझींच्या घरात रस्त्याकडं उघडणारी एकच खिडकी होती, पुस्तकांच्या खोलीची. तीही कायम बंद. नवी सून नूरुन्निसा मोठी हिकमती. ती सासऱ्यांना म्हणाली, "अब्बा, हवा लागली न्हाय तर हातानं लिहिलेल्या या जुन्या पुस्तकांना कसर लागंल." सासऱ्यांना पुस्तकं जिवापेक्षा प्यारी. दर जुम्म्याला घटकाभर खिडकी उघडायची परवानगी मिळाली.

मग काय! हात पानापानांत कडुलिंबाचा पाला घालायचे अन् डोळे हैदराबादच्या सडकेवर असायचे. बैलगाड्या, धूळ उडवणाऱ्या मोटारी, पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया. नूरुन्निसाला बाहेरचं जग दिसायचं ते एवढंच.

निजामाच्या अखेरच्या वर्षांत हैदराबादच्या विद्यापीठाचे एक मौलवीसाहेब ती दुर्मिळ पुस्तकं बघायला आले. नूरुन्निसा पडद्याआडून एकेक पुस्तक पुढं करत होती. सासरे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला उठलेले बघून ती हळूच म्हणाली, "साहेब, पुस्तकांना हवा लई कमी पडती. खिडकी रोज उघडायला सांगा की अब्बांना."

मौलवीसाहेब हळहळले. सासरे परतताच त्यांना म्हणाले, "काझीसाहेब, इथं ही पुस्तकं टिकायची नाहीत. आम्हाला द्या. आमच्याकडं मोठमोठ्या खिडक्या आहेत."

नूरुन्निसाला आपलीच जीभ हासडावीशी वाटली.

आठवडाभरात घरच्या बायकांना न्यायची पडद्याची गाडी पुस्तकं घेऊन सडकेला लागली. ती तिनं त्याच खिडकीतून पाहिली.

"रिकाम्या खोलीला खिडकी कशाला?" म्हणत सासऱ्यांनी हैदर सुताराला बोलावलं. तो फळ्या ठोकत असताना ते सुनेला कौतुकानं म्हणाले, "बेटी, तुझ्यामुळं पुस्तकांचा जीव वाचला."