सुट्टीच्या दिवशी आलेली मोटार

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीला करपट, डोक्यात चढणारा वास येतो, आणि नव्वद सालानंतरची काही वर्षं लासुर्ण्यात आमच्या अंगणाला उन्हाळाभर तोच वास होता. उसाला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत कुणाची ना कुणाची मोटार जळायची, ती आमच्या दारात यायची, आणि माझा थोरला भानुदास काळी पडलेली तांब्याची तार उलगडत लिंबाखाली बसायचा. ताट वाढलं तरी उठायचा नाही.

म्हणून वालचंदनगरकडच्या एका वर्कशॉपात त्याला नोकरी लागली, तेव्हा आवडीचं आणि पोटाचं एकच झालं असं आम्हाला वाटलं. त्यालाही वाटलं. वर्षानं तो बापाला म्हणाला,

"आबा, मशीन उघडायला निराळी माणसं हायत. मी नुसती भोकं पाडतो. सोडतो नोकरी, हितंच मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकतो."

"परमनंट करत्यात, आन् तू दुकान टाकतो?" आमचे मालक, म्हणजे त्याचे आबा, हसले. "मेंढी मेली की तिचं कोकरू दुसरीला लावायचो का न्हाय? चार दिवस बांधली की पाजतीच."

घरात मेंढरं होती तोवर आम्ही हे कितीदा केलं होतं. मेंढी धरायची, कोकरू कासेला लावायचं. ती पाजते हे खरं. वळून त्याला हुंगत नाही, हेही दिसायचं. पण दूध पोटात गेलं की आमचं काम झालेलं असायचं. भानुदास दुसऱ्या दिवशी परत कामावर गेला. दुकान राहिलं.

पगारानं घर सावरलं, सून आली. मी त्या पगाराचं जेवले, त्याला नावं ठेवणार नाही.

पुढे एका रविवारी, उन्हं कलताना, शेजारचे तात्या सायकलला मोटार बांधून आले.

"ऊस वाळायलाय, भानुदास. का कंपनीवाल्याचं हात मळत्यात आता?"

"बारामतीला न्या, तात्या."

सून दारातून म्हणाली, "सुट्टीच हाय की आज. बघा जरा."

"म्हणूनच न्हाय बघत."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. नावडतं काम माणसं मरेपर्यंत ओढतात, मीही ओढलं, त्याचं नवल नाही. पण त्या कामानं बाहेर उरलेली आवडही खाल्ली, आणि ती कधी संपली हे एका घरात राहून आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तात्या मोटार परत सायकलला बांधू लागले. तेवढ्याला मात्र तो उठला, त्यांच्या हातून दोरी घेतली आणि गाठ घट्ट मारून दिली.