येडूची मेंढी आन तुराट्याचा लगदा

मोहोळच्या अल्याड तुराट्यांपासनं गाडीचं तेल काढायचा कारखाना हाय. तितं येडू कामाला. आदी शंभर मेंढरं राखायचा. बायकू गेली, पोरगं पुण्याला ऱ्हायलं, मेंढरं इकली. एकच म्हातारी काळी मेंढी ठिवली. दिसभर बोलायचं म्हटलं तर तीच.

पोरगा माउली फोनवर म्हणायचा, "आबा, ती मेंढी खाटकाला द्या आन या हिकडं."

"ती हाय तवर मी हितंच."

पर तिचं दात पडलं. भिजली पेंड चाटायची, काड चावंना. काड पोटात जाईना तसं तिचं रवंथ थांबलं, आन रवंथ थांबलेली मेंढी किती दिस जगती, ते काय येडूला सांगाया नगं.

कारखान्यात दगडासारक्या तुराट्या कास्टिक सोड्याच्या गरम पाण्यात शिजवायच्या. लोण्यावानी मऊ पडायच्या. ते पाणी बोटाला लागलं तर कातडं सोलायचं. येडूचं काम तो लगदा धुवायचं. लगद्याला सोडा तपासायचा पिवळा कागुद लावायचा, त्यो निळा पडायचा थांबला की मगच पुढं आंबवायला सोडायचा. धुता धुता त्याच्या मनात आलं, ह्ये तर दात न्हाय त्याला बी चावंल की!

चार पाणी जास्तीचं घालून त्यानं मूठभर लगदा आदी सोता खाल्ला. दोन दिस वाट बगितली. पोट दुकलं न्हाय. तवा पिशवी भरली.

फाटकात लॅबवाल्या उत्कर्षाबाईनं हटकलं. "काका, पिशवीत काय?"

"मेंढीचं जेवान."

"अहो, आतडं जळेल तिचं!"

"मी खाल्लंय की. काय न्हाय झालं."

"तुम्ही खाल्लं? डोकं ठिकाणावर आहे का? ती काय तुमची बायको आहे, एवढं करायला?"

"बायकूला यवडं केलं असतं तर बरं झालं असतं."

बाईनं खिशातला कागुद काडून लगद्यात बुडीवला. पिवळा तो पिवळाच. "आजच्यापुरतं. आणि अगदी थोडं घाला."

घरी मेंढीनं वास घेऊन तोंड फिरीवलं. येडूनं त्यात जवारीचा कोंडा कालवला. तवा खाल्लं.

सांज झाली. त्यो तिच्या पुढ्यात उकिडवा बसला, भाकरी न खाता. लई येळानं तिच्या गळ्यात गोळा वर आला आन जबडा हळूहळू फिराया लागला.

फोन वाजला.

"आबा, कवा येताय?"

"रवंथ करतीया रं."

"म्हंजी न्हाय येत."

"न्हाय."

तिकडनं फोन ठिवला. येडू तितंच बसून ऱ्हायला, तिचं चावणं ऐकत.